दिवाळीची न्याहारी : काय सोडायचं, काय धरायचं



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७ ते ९

दिवाळी तोंडावर आली आहे आणि रोजच्या वाचनात आज त्यागाचे तीन प्रकार आले. भगवंत सांगतात, नेमून दिलेलं कर्म मोहाने सोडलं तर तो तामस त्याग. कष्टाचं आहे, शरीराला त्रास होतो, म्हणून सोडलं तर तो राजस त्याग. त्याचं फळ पदरात पडत नाही. आणि कर्तव्य म्हणून कर्म करायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची इच्छा टाकायची, हा सात्त्विक त्याग.

हे वाचताना मला स्वयंपाकघर आठवलं. सणाच्या दिवसांत सकाळची न्याहारी साधी करावी की नाही? प्रश्न किरकोळ वाटतो. पण घरातलं कोण पहाटे किती वाजता उठणार आणि कोण सगळ्यांत शेवटी खाणार, ते त्यावरच ठरतं.

नरकचतुर्दशीची पहाट बघा. सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान. तेल, उटणं, कारीट फोडणं, ओवाळणं. मग फराळ. लाडू, चकली, चिवडा, करंजी, शंकरपाळे, सगळं आठवडाभर खपून केलेलं, डब्यांत तयार असतं. तरी शेजारी गरम काहीतरी हवंच. पाहुण्यांसाठी उपमा, मुलांसाठी सँडविच, आजोबांसाठी बिनतिखटाचं वेगळं. पाडव्याला तेच, भाऊबीजेला तेच. सगळ्यांचं होईस्तोवर करणारी व्यक्ती (बहुतेक घरांत ती बाईच असते) ओट्याशी उभी असते, आणि मग तिथेच गार झालेला चहा पिते. सण घरच्यांनी एकत्र बसण्याचा, आणि जिच्यामुळे तो होतो तीच पंगतीत नाही.

‘मग करा की साधं!’ असं म्हणणं सोपं आहे. पण आठवा श्लोक वाट अडवतो. त्रास होतो म्हणून सोडलं, तर तो राजस त्याग झाला. शिवाय तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी बजावलं आहे की जे केवळ स्वतःपुरतं शिजवतात ते पाप खातात. घरच्यांना, आल्या-गेल्याला खाऊ घालणं हा गृहस्थाचा यज्ञच आहे. तो कंटाळा आला म्हणून टाकता येत नाही.

म्हणून आधी हे बघायला हवं की यातलं नियत कर्म कोणतं आणि फळाची इच्छा कोणती. घरातलं कुणी उपाशी राहू नये, म्हाताऱ्या माणसांना पचेल असं मिळावं, दारी आलेल्याला प्रेमाने वाढलं जावं, हे कर्तव्य. ताटात पदार्थ किती, मागच्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, जाऊबाईंकडे काय होतं, पाहुणे काय म्हणतील, फोटो कसा येईल, ही सगळी फळाची बाजू. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देताना विनोबांनी अठराव्या अध्यायात हीच कसोटी दिली आहे. फळाची इच्छा सोडायला लागा, मग कितीतरी कर्मं आपोआप गळून पडतात. मला हे फार पटतं. पदार्थ मोजून कमी करायची गरजच पडत नाही. कौतुकाची अपेक्षा काढून घेतली की पाचातले तीन पदार्थ कशासाठी होते, ते आपलं आपल्यालाच दिसतं.

भगवंत स्वतः कसे जेवले तेही आठवावं. शिष्टाईसाठी हस्तिनापुरात आल्यावर दुर्योधनाने मोठा पाहुणचार मांडला होता. कृष्णाने तो नाकारला. माणूस दुसऱ्याचं अन्न प्रेमापोटी खातो किंवा अडचणीपोटी. इथे दोन्ही नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं आणि तो विदुराघरी जेवला. मराठी घरांत ही गोष्ट विदुराच्या कण्या म्हणूनच सांगतात. सुदाम्याच्या बायकोने तर शेजारीपाजारी मागून चार मुठी पोहे बांधून दिले होते. त्यातल्या एका मुठीवर देव तृप्त झाला.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात नरकचतुर्दशीच्या सकाळी आजही मान पोह्यांचाच. गुळाचे, दुधाचे, ताकाचे, नारळाच्या रसातले, फोडणीचे. प्रकार पुष्कळ, पण धान्य एकच, आणि बरेचसे प्रकार चुलीवर न चढवता होणारे. कुणी खोबरं खवतं, कुणी गूळ चिरतं, मुलं पोहे कालवतात. ही न्याहारी एकटीने करायची नसतेच. इथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. घराला खाऊ घालणं हे नियत कर्म खरं, पण ते एकट्या आईच्या नावावर गीतेत कुठेही लिहिलेलं नाही. ते घराचं कर्म आहे. घराने मिळून केलं तर कष्ट वाटले जातात आणि ते सोडायची वेळच येत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, साधेपणाचाही अहंकार होतो. ‘आमच्याकडे असलं अवडंबर नसतं’ हे वाक्यसुद्धा फळच मागत असतं. एखाद्या मावशीला तीन दिवस तांदूळ भिजवून अनारसे करण्यात खरा आनंद असेल, तर तिला उपदेश करू नये, शेजारी बसून मदत करावी. दुसरी, पाहुण्यांपैकी कुणीतरी ‘एवढंच?’ म्हणेल. ते टोचेल. टोचलं की समजावं, आपण ज्या फळाची वाट बघत होतो ते तिथेच लपलं होतं. मग हसून आणखी एक वाटी पोहे वाढावेत.

आजचा संकल्प : दिवाळीच्या चारही सकाळी फराळाच्या ताटासोबत गरम पदार्थ एकच, सगळ्यांना तोच, वाटल्यास तिखट वरून. चिरणं, निवडणं, पानं घेणं, भांडी उचलणं आदल्या रात्रीच वाटून घ्यायचं. आणि करणारी व्यक्ती ताटावर बसल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत अवघड आहे. कारण तिला बसवायचं तर आपल्याला उठावं लागतं.

हे नारायणा, आमच्या हातून तुझ्या लेकरांना खाऊ घालण्याचं काम सुटू देऊ नकोस. त्यातलं आमचं मिरवणं तेवढं सुटू दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥