‘सिद्धगड’ स्क्रीनवर उमटताना

कुठल्याही एडिटरमध्ये ‘सिद्धगड’ हा शब्द सावकाश टाइप करा आणि स्क्रीनकडे नीट पाहा. आधी ‘स’ उमटतो. ऱ्हस्व वेलांटी दाबली की तो उजवीकडे सरकतो आणि त्याच्या जागी वेलांटी येऊन बसते. मग ‘द’ येतो, हलन्त लागून त्याचा पाय मोडतो, आणि ‘ध’ दाबताक्षणी तो पायमोडका ‘द’ नाहीसा होऊन ‘द्ध’ ही वेगळीच आकृती उभी राहते. चार अक्षरांच्या या शब्दात साठवलेली चिन्हं सात असतात. त्यांतल्या तीन चिन्हांनी एडिटरला आधी काढलेलं पुसून नव्याने काढायला लावलं.

मुरबाड तालुक्यातल्या या गडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्याविषयी चार ओळी लिहायच्या तर ‘हुतात्मा’, ‘क्रांतिवीर’, ‘स्मृतिस्तंभ’ हे शब्द येणारच. ‘स्मृतिस्तंभ’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो अकरा चिन्हांचा आहे. एडिटरच्या वेगाबद्दल बोलायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण या क्षेत्रातली जुनी हुशारी नेमक्या अशा शब्दांपाशी अडते.

ती हुशारी काटकसरीतून आली. १९७०च्या दशकात टर्मिनलची स्क्रीन बहुधा २४ ओळींची आणि ८० रकान्यांची असे, म्हणजे १,९२० अक्षरांची. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ३० अक्षरं जात. पूर्ण स्क्रीन नव्याने काढायला एक मिनिटाहून जास्त वेळ लागे. बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर अशाच संथ जोडणीवर घडवला. त्यातले हुकूम एकेका अक्षराचे आहेत, त्यामागे हीच तंगी होती. १९८१मध्ये जेम्स गॉसलिंग यांनी हाच प्रश्न गणिताच्या अंगाने सोडवला: जुनी स्क्रीन आणि नवी स्क्रीन यांची तुलना करायची, आणि कमीत कमी खर्चात पहिलीची दुसरी कशी होईल ते शोधायचं. एक कौल फुटलं म्हणून कोणी सगळं छप्पर उतरवत नाही. जे बदललं तेवढंच काढा, बाकीच्याला हात लावू नका.

पण कौलं एकमेकांवर टेकलेली असतात. एक बदलायचं तर शेजारची दोन-चार उचलावी लागतात, आणि ती नेमकी कोणती हे शाकारणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. इंग्रजीच्या साध्या टर्मिनलवर हा प्रश्न कधी आलाच नाही. तिथे प्रत्येक अक्षराला आपला चौकोन, आणि एकदा काढलेलं अक्षर शेजारी कोणीही आलं तरी तसंच राहतं. देवनागरीत ‘द’ कसा दिसेल हे पुढच्या चिन्हावर ठरतं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, वेलांटी मागे उडी मारते. ‘काय बदललं?’ या प्रश्नाचं उत्तर इथे एका चौकोनापुरतं नसतं.

आपल्याकडे या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड ही पहिली. संगणकात बसवलेलं ते कार्ड डॉसवरच्या प्रोग्रामांना भारतीय लिप्या दाखवी, आणि मजकूर मात्र उच्चाराच्या क्रमाने साठवलेला राही. तो क्रम पुढे ‘इस्की’ या भारतीय मानकात आणि १९९१पासून युनिकोडमध्येही टिकला. दुसरी वाट डीटीपीच्या फॉन्टांची. तिथे अर्ध्या ‘स’ला वेगळा क्रमांक, जोडाक्षराला वेगळा, आणि वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधीच दाबायची. जे दाबलं तेच दिसलं. सरकवणं नाही, मोडून जोडणं नाही. स्क्रीनचं काम अगदी हलकं झालं. पण त्या मजकुरात शब्द शोधता येईना, अकारविल्हे लावता येईना, आणि फॉन्ट बदलला की सगळ्याची चित्रलिपी होई. त्या काळातल्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या फायली आजही युनिकोडमध्ये आणताना माणसं बसून दुरुस्त करतात. पहिली वाट जड होती, तरी बरोबर तीच होती असं मला ठामपणे वाटतं. मजकुराचा अर्थ खर्ची घालून मिळवलेला वेग पुढच्या पिढीला कर्ज म्हणून फेडावा लागतो.

आज अक्षरं जुळवण्याचं हे जड काम बहुतेक ठिकाणी ‘हर्फबझ’ नावाची मुक्त प्रणाली करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत ती आहे, आणि २०२०मध्ये ‘ईमॅक्स’ या एडिटरमध्येही आली. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाहबोद मूळचे इराणचे. फारसीतही शेजारी पाहूनच अक्षर आपलं रूप घेतं. या प्रणालीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ती जुळवलेल्या ओळीत कुठे तोडणं धोक्याचं आहे याची खूण देते. म्हणजे कुठली कौलं एकत्र उचलायची हे आता एडिटरला विचारता येतं. काही प्रोग्राम तर जुळवलेले शब्द लक्षातच ठेवतात, कारण मोकळ्या जागेपलीकडे जोडाक्षर जात नाही. काटकसर शिल्लक राहिली, फक्त तिचं एकक अक्षराऐवजी शब्द झालं.

काही मिलिसेकंदांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारील. साध्या स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं येतात, म्हणजे एकाला १७ मिलिसेकंदांहून कमी अवधी. मुरबाड-शहापूरकडे संगणक टंकलेखन शिकणाऱ्या मुलीचा विचार करा. मिनिटाला ३० शब्द टाइप करायचे तर एका शब्दाला सरासरी दोन सेकंद मिळतात. ‘स्मृतिस्तंभ’ आला तर एका चिन्हाला पाव सेकंदही नाही. हलन्त कुठे दाबायचा, वेलांटी आधी की नंतर, हे तिला स्क्रीनच शिकवत असते. जुन्या यंत्रावर चित्र उशिरा आलं तर तिला वाटतं की कळ लागलीच नाही. ती पुन्हा दाबते आणि दोन हलन्त पडतात. चूक यंत्राची असते आणि तिचा भरवसा मात्र स्वतःच्या बोटांवरून उडतो. अशा प्रत्येक विलंबाने मराठीत लिहिणं हेच अवघड काम आहे असा समज पक्का होतो, आणि माणूस रोमन अक्षरांकडे वळतो. ही हानी कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

एडिटरचा वेग बहुधा इंग्रजी प्रोग्रामच्या आखूड ओळींवर मोजला जातो. मराठी गद्याचा परिच्छेद मात्र मधे एकही एंटर नसलेली हजार-दीड हजार चिन्हांची एकच ओळ असतो, आणि लांबलचक ओळ ही ईमॅक्ससारख्या मातब्बर एडिटरचीही जुनी दुखरी नस होती. तिच्यावर मोठा उपाय थेट २०२३च्या २९व्या आवृत्तीत आला. म्हणून मोजणाऱ्यांनी असा एक परिच्छेद चाचणीत ठेवावा. त्याच्या मधोमध ‘स्मृतिस्तंभ’मध्ये कर्सर नेऊन ‘ति’ची वेलांटी दीर्घ करावी; ती ‘त’च्या डावीकडून उठून उजवीकडे जाईल. त्याला किती मिलिसेकंद लागले ते लिहावं, आणि त्याच रकान्याशेजारी अक्षरं बरोबर जुळली की नाही हेही लिहावं.