जानेवारीतली पाहणी

इंग्लंडच्या केंट परगण्यात एका बिल्डरने गावाबाहेरचं पडीक रान विकत घेतलं. घरांचा नकाशा तयार होता, अडलं होतं एका अहवालावर: जागेत साप-सरडे आहेत का? १९८१ च्या वन्यजीव कायद्याने तिथल्या देशी साप-सरड्यांना जाणूनबुजून मारणं गुन्हा आहे.

बिल्डरला घाई होती. जानेवारीतच एक तरुण पाहणीला गेला. दिवसभर गवत तुडवलं, दगड उलथले. शेपूटही दिसलं नाही. ‘काही आढळले नाही’ असा अहवाल त्याने वरिष्ठ बाईंपुढे ठेवला.

बाईंनी आधी तारीख वाचली. “अरे, थंडीत ते जमिनीखाली, मुळांच्या पोकळीत निजलेले असतात. रात्री दुकानाचं दार वाजवायचं आणि गावात वाणीच नाही म्हणायचं, त्यातली गत झाली ही.”

बिल्डर वैतागला. “सरड्यांपायी माझे तीन महिने जाणार!”

“जातील. पण या कागदावर मी सही करणार नाही.”

मार्चअखेर दोघांनी छपराच्या काळ्या डांबरी फेल्टचे तुकडे दक्षिणेच्या उतारावर, झुडपांच्या कडेला अंथरले आणि प्राणी उबेला त्यांखाली यावेत म्हणून काही दिवस त्यांना हातही लावला नाही. मग हवा ९ ते १८ अंश, ऊन कोवळं, वारा पडलेला, अशा सकाळी निवडून सात फेऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन रिकाम्या गेल्या. तिसऱ्या फेरीत तरुणाने एका तुकड्याची कड हळूच उचलली. खाली तांबूस, चकचकीत अंगाची, पाठीवर बारीक काळी रेघ असलेली स्लो वर्मची मादी! वाटावा सापच; पण तिची पापणी लवली. सापाला पापण्या नसतात. हा बिनपायांचा सरडा. सातव्या फेरीपर्यंत नर, माद्या, पिल्लं, सगळ्यांची नोंद झाली.

नकाशा बदलला. उतार मोकळा ठेवला, घरं खाली सरकली. मधे प्लास्टिकचं बुटकं कुंपण घातलं आणि खालच्या जागेतले प्राणी हाताने उचलून उतारावर सोडले. तिथे एकही सापडेनासा झाल्यावरच जेसीबी आत आला. जानेवारीच्या कागदावर काम सुरू झालं असतं, तर ते सगळे झोपेतच चिरडले गेले असते, आणि कागदोपत्री कोणाचाच दोष नसता.

तात्पर्य: दिसलं नाही म्हणून ‘नाही’ म्हणण्याआधी आपण केव्हा आणि कसं पाहिलं, हे तपासावं. ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष हवी असेल, तर आपल्या सोयीने नव्हे, त्याच्या वेळेला हजर राहावं लागतं.