शोकाच्या घरी नाताळ

सण हे सुखी माणसांसाठीच असतात काय? प्रश्न वरवर साधा दिसतो. पण ज्या घरातून त्याच वर्षी एखादे माणूस कायमचे निघून गेले आहे, त्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून तो विचारला, म्हणजे त्याची धार कळते. आपल्याकडे अशा घरी वर्षभर सण करीत नाहीत. कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. शेजारीपाजारी व आप्तेष्ट फराळाचे ताट आणून देतात. या रूढीत मोठे शहाणपण आहे. दुःखिताला हसण्याची सक्ती होऊ नये आणि तरी त्याला एकटेही पडू देऊ नये, असा दुहेरी विचार तिच्यात आहे.

परंतु आम्हां परप्रांती नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत या रूढीचा अर्धाच भाग उरतो. सण वर्ज्य होतो, पण ताट आणणारे हात तीनशे कोसांवर राहतात. बदलीच्या गावी दुःख हे रजेच्या अर्जापुरते असते. अर्ज मंजूर होतो, चार दिवस सरतात, आणि माणूस पुन्हा फायलींपाशी येऊन बसतो. मग सभोवार उजळलेला बाजार त्याला टोचू लागतो.

रायपूरच्या सदर बाजारात, सराफांच्या पेढ्यांवरील एका माडीत आमचे बिऱ्हाड आहे. धनत्रयोदशीपासून लग्नसराईपर्यंत ही पेठ झगमगत असते. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनु राशीत गेला की इकडचे लोक 'खरमास' लागला म्हणतात. शुभकार्ये थांबतात आणि लग्नाची खरेदी मंदावते. नेमक्या याच अशुभ मानलेल्या महिन्यात ख्रिस्ती लोकांचा 'बडा दिन' येतो. वर्षातील रात्री सर्वांत दीर्घ असतात तेव्हा जन्मोत्सव करावा, हा योग आम्हांस प्रथम केवळ कौतुकाचा वाटला होता. पुढे एका प्रसंगाने त्याचा अर्थ शोधणे भाग पाडले.

आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती गृहस्थांची पत्नी ऑक्टोबरात वारली. डिसेंबर लागताच त्यांनी नेहमीप्रमाणे दारावर कागदी चांदणी टांगली. आम्ही संकोचत विचारले, "यंदाही?" ते म्हणाले, "घर सुखात असते, तर एखादे वर्ष राहिली असती तरी चालले असते. यंदा चालणार नाही." एवढे बोलून ते दोरीची गाठ घट्ट करू लागले. त्यांचे डोळे कोरडे नव्हते.

ही आत्मवंचना म्हणावी काय? आम्ही त्या धर्माचे नव्हे. म्हणून हा प्रश्न जरा तटस्थपणे पाहता आला. नाताळाची कथा मुळातून वाचली, तर तिच्यात आनंदाइतकीच विपदाही आहे. लूकच्या शुभवर्तमानात योसेफ व मरीया बेथलेहेमास जातात ती यात्रेसाठी नव्हे, तर कैसर औगुस्ताने शिरगणतीचा हुकूम काढला म्हणून. सरकारी हुकमाने घर सोडावे लागणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगणे नको! उतारशाळेत जागा नाही, म्हणून मूल गव्हाणीत निजते. मत्तयाने तर पुढे हेरोद राजाने केलेली बालहत्या सांगितली आहे, आणि समाधान नाकारून रडणाऱ्या राहेलीचे स्मरण तेथेच केले आहे. पाश्चात्त्य चर्चच्या पंचांगात त्या निष्पाप बालकांचा स्मरणदिन २८ डिसेंबरला येतो. तात्पर्य, हा सण शोकाला दाराबाहेर थांबवीत नाही. शोकाला त्याने आपल्या आठवड्यातच जागा दिली आहे. ईश्वर दुःख टाळून नव्हे, तर दुःखात उतरून माणसापाशी येतो, ही त्या श्रद्धेची मूळ कल्पना आहे.

कल्पना सुंदर असली म्हणून ती माणसाला उभे करतेच असे नाही. त्यासाठी साक्षी पाहिजेत, आणि मराठीत त्या आहेत. नागपूरची गाडी पकडून आपण गावी जातो तेव्हा वाटेत राजनांदगाव लागते. १८९३ साली त्याच राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना आशा लाभली. पण त्याच घटनेने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या जिवावर येऊ शकते, हे सत्य झाकण्यात अर्थ नाही. पुढे १९०० साली त्या स्वतःच्या वाटेने त्याच श्रद्धेपाशी आल्या. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या विधवेने त्याचे चौसष्ट अध्याय लिहिले.

पंडिता रमाबाईंची कहाणी याहून कठोर आहे. दुष्काळात उपासमारीने आईवडील व बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेला. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळू लागला, तेव्हा उपासमार भोगलेली हीच बाई या प्रांतात आली आणि निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेली. त्यांतूनच केडगावचे 'मुक्तिसदन' वाढले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरीही बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

या दोघींच्या आयुष्यात गेलेले काहीच परत आले नाही. म्हणून आशा म्हणजे भाकीत नव्हे, असे आम्हांस वाटते. उद्या बरे होईल, हे भाकीत झाले. ते खोटे ठरू शकते. आजचे दुःख निरर्थक नाही आणि त्यात आपण एकटे नाही, हा भरवसा म्हणजे आशा. तिची कसोटी एकच : ती माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पाडते की नाही. जी आशा केवळ अश्रू पुसायला सांगते, ती उतावळी. जी अश्रूंसह कामाला लावते, ती खरी.

ही वाट मराठी मनाला परकी नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बायको व मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलापाशी अधिकच घट्ट झाले; आणि तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची भावना होती. दैवते निराळी, धर्म निराळे. पण शोकातून श्रद्धेकडे जाणारी पायवाट एकच दिसते.

मात्र ही वाट प्रत्येकालाच सापडते असे नाही. श्रद्धावंतांतही समाधान न लाभलेले असतात, आणि अशा माणसाला श्रद्धेचा उपदेश करणे हे क्रौर्य होय. त्याच्यासाठी आपल्या जुन्या रूढीचा उरलेला अर्धा भाग पुरेसा आहे. बदलीच्या गावी आप्त नसतात. तेथे शेजार हेच गोत. नाताळ असो वा दिवाळी, ज्या घरी या वर्षी कढई चढली नसेल, तेथे ताट घेऊन जावे, घटकाभर बसावे, आणि ज्याचे नाव घ्यायला सारे कचरतात, त्या गेलेल्या माणसाचे नाव आपण होऊन काढावे.