मर्मावर पडलेली कुदळ

अमेरिकेतल्या उपनगरात कुंपणाचे खांब रोवायचे असोत, डेक बांधायचा असो की अंगणात एखादं मेपलचं रोप लावायचं असो, फावडं हातात घेण्याआधी एक फोन करायचा असतो: ८११. २००७ पासून हा क्रमांक देशभर एकच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. दोन-तीन दिवसांत माणसं येतात, यंत्राने जमिनीखालचा माग काढतात, हिरवळीवर रंगीत रेघा ओढतात, छोटी निशाणं खोचतात आणि निघून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. कालपर्यंत आपली वाटणारी जमीन किती जणांचं काय काय पोटात घेऊन बसली आहे, ते त्या रेघांवरून घरमालकाला पहिल्यांदा दिसतं.

तरीही घाव बसतात. ‘हातभरच तर खणायचंय’ म्हणून कुणी फोनच करत नाही. कुणी फोन करतो, पण रेघेला खेटून यंत्र चालवतो. खरं तर रेघेच्या दोन्ही अंगांना साधारण दीड-दोन फुटांत हातानेच, जपून उकरायचं असतं. आणि कधी सगळं नीट करूनही फटका बसतो, कारण मीटरच्या पुढची, आधीच्या मालकाने मागच्या शेडपर्यंत नेलेली खासगी नळी सहसा या रेघांमध्ये येत नाही. प्लास्टिकची नळी यंत्राला ओळखू येत नाही, म्हणून तिच्यासोबत तांब्याची तार पुरतात. ती तार तुटलेली असेल तर मातीखालची नळी हरवल्यासारखीच.

तिघांच्याही हाताला जाणवतं ते सारखंच. पात्याला माती लागत नाही, दगड लागत नाही, तिसरंच काहीतरी लागतं. वाईट हेतू तिघांपैकी कुणाचाच नव्हता. मग दोष कुणाचा, आणि किती?

हा प्रश्न नळ्या आणि तारांहून फार जुना आहे. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात पृथ्वीसूक्त आहे. त्यात खणणारा माणूस पृथ्वीशी बोलतो. खणलेली जागा लवकर भरून यावी, आपल्या हातून तिच्या मर्माला धक्का लागू नये, अशी त्याची विनवणी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही वास्तुपुरुषाची मर्मस्थानं सांगितली आहेत आणि ती दुखवू नयेत असं बजावलं आहे. आजही पहिली कुदळ मारण्याआधी भूमिपूजन होतं. त्यात मनाला भिडते ती क्रमाची गोष्ट. पृथ्वीसूक्तातला माणूस मर्माचा विचार घाव घालण्याआधी करतो. तिला मर्म आहे आणि ते आपल्याला दिसत नाही, हे तो मान्य करून मग खणतो.

बायबलमध्ये दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. ‘अनुवाद’ या पुस्तकात रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं आणि सोबत्याचा जीव जातो. मनात वैर नव्हतं, म्हणून त्या माणसाला आश्रयनगरात जाऊन जीव वाचवता येतो. ‘निर्गम’ मात्र खड्डा खणून उघडा ठेवणाऱ्याला सोडत नाही. त्यात कुणाचा बैल किंवा गाढव पडून मेलं, तर भरपाई खणणाऱ्याने द्यायची. हेतू दोघांचाही वाईट नाही. पण खड्ड्यावर झाकण घालणं हातात होतं.

बौद्ध विचारात कर्माचं वजन चेतनेवर, म्हणजे हेतूवर आहे. तरी विनयपिटकात भिक्खूने जमीन खणणं किंवा खणवून घेणं हा कबुली द्यावा असा दोष मानला आहे. धर्मशास्त्रकारांनी जाणून केलेलं आणि अजाणता झालेलं पाप वेगळं काढलं. अजाणता झालेल्याला प्रायश्चित्त हलकं ठेवलं, पण पुसून टाकलं नाही. सर्वांत नेमका शब्द जैनांकडे सापडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी बांधलेली आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, जागं राहायला हवं तिथे न राहणं. ८११ न फिरवणाऱ्याला लागू पडतो तो हाच शब्द. जे विचारून कळलं असतं ते विचारलं नाही, तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर अपुरं पडतं. भारतात मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं, तेव्हा ताळमेळाविना होणाऱ्या खोदाईमुळे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारने सांगितलं होतं. एवढा पैसा प्रमादात जातो.

पण एक गाठ उरतेच. दोन शेजारी न विचारता खणतात. एकाला मूळ लागतं, दुसऱ्याला गॅसची नळी. प्रमाद सारखाच, मग लोक बोट दुसऱ्याकडेच का दाखवतात? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये हाच पेच ‘नैतिक नशीब’ या नावाने मांडला. २०११ मध्ये जॉर्जियात एक पंचाहत्तर वर्षांची बाई भंगारात विकायला तांबं शोधत जमीन उकरत होती. तिच्या अवजाराने एक केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनियाचं जवळजवळ सगळं इंटरनेट काही तास बंद पडलं. इंटरनेट म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. पोटासाठी उकरणाऱ्या त्या म्हातारीवर एका देशाच्या अंधाराचं ओझं टाकणं अन्यायाचं आहे. ज्याच्या खिशात फोन आहे त्याची गोष्ट वेगळी.

नशिबाचा वाटा घावाबरोबर संपतो. त्यानंतरचं सगळं माणसाच्या हातात असतं. पोलादी नळीवरचं आवरण नुसतं खरवडलं तरी कळवायचं असतं, कारण उघड्या जागेतून गंज आत शिरतो आणि पुढे कधीतरी नळी फुटते. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममधल्या गिस्लेंगिएन इथे गॅसची मोठी वाहिनी फुटली; २४ माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. बांधकामाच्या यंत्राचा घाव तिला आधीच बसलेला होता. तो खोल घाव घेऊन ती मातीखाली पडून होती, आणि आतला दाब वाढला तेव्हा फुटली.

अंगणातल्या खड्ड्यात तो माणूस उभा आहे. पुढ्यातल्या नळीवर नखाएवढा ओरखडा. वास नाही, फुसफुस नाही, कुणी पाहिलेलं नाही. काढलेली माती शेजारीच ढिगात आहे आणि ती परत लोटायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. तो फावडं भिंतीला टेकवतो, घरातल्यांना बाहेर बोलावून रस्त्यापलीकडे उभं करतो आणि तिथून गॅस कंपनीला फोन लावतो.