दोन हार



मराठीत हार दोन आहेत. गळ्यात पडतो तो हार आणि पदरी येते ती हार. दुसरी पचवणे अवघड, असे मी जन्मभर कीर्तनातून सांगत आलो. सत्तरी उलटल्यावर वाटते, पहिलाच अधिक अवघड. यश आले की ते राखण्याचे भयही घरात येते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द हे अजिंक्य रहाणे यांचे जन्मगाव. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडच्या कसोटीत भारताचा संघ ३६ धावांत गारद झाला. कर्णधार कोहली मायदेशी परतले आणि धुरा रहाणे यांच्याकडे आली. मेलबर्नला ते ११२ धावांवर असताना रवींद्र जडेजा अर्धशतक पुरे करण्यासाठी धावले आणि त्या धावेत रहाणे बाद झाले. रागावले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी जडेजांनाच धीर दिला आणि मग मैदान सोडले. तो सामना आपण ८ गडी राखून जिंकला. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला मालिकाही जिंकली. घरी परतल्यावर स्वागताच्या केकवर कांगारू होता. तो कापायला त्यांनी नकार दिला.

कोणी म्हणेल, जिंकणाऱ्याला मोठे मन परवडते. पण पुढे धावा आटल्या आणि २०२२ मध्ये संघातली जागा गेली. ते मुंबईकडून रणजी खेळत राहिले. जून २०२३ मध्ये परतले, ओव्हलवर ८९ धावा केल्या, पुन्हा वगळले गेले. मार्च २०२४ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली मुंबईने ४२ वा रणजी करंडक जिंकला.

मग निष्काम म्हणजे काय? जिंकण्याची इच्छाच नसणे? तसे असते तर त्या ११२ धावा झाल्याच नसत्या. नेवाशाला माउलींनी गीतार्थ सांगितला, त्यात कर्म नेटके करा, फळाचा लोभ सोडा, असेच आहे. त्याचा अर्थ मला आता असा कळतो: हुकलेल्या फळाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करू नये.

हे कळायला मला उशीर झाला. एका सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला मंडप भरला होता. माझे नाव तेव्हा गाजत होते. चाल रंगात आली आणि एका तरुण टाळकऱ्याचा ठेका चुकला. आपले कीर्तन बिघडेल, या भयाने मी गादीवरून सगळ्यांदेखत त्याला बोललो. लोक हसले. आरतीनंतर माझ्या गळ्यात हार पडला. रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडलो. त्यात तो पोरगा नव्हता. पुढल्या वर्षी विचारले, तर त्याने टाळ सोडल्याचे कळले.

माउली, तुमच्या गळ्यात हार पडेल तेव्हा एवढे पाहा, त्यासाठी कोणाची मान खाली गेली का? गेली असेल, तर हार उतरवण्याआधी त्याच्याकडे जा. मी गेलो नाही.

रामकृष्ण हरी.