सेवा कोणाची, मजुरी कोणाची?

गेल्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. आमच्या कॅम्पातील मंडळीच्या तरुण संघात पाच जणांचा एक बँड आहे. आमच्या लहानपणी कॅम्पात बँड म्हटले की दोनच चित्रे डोळ्यांपुढे येत : एक मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीचा बँड, आणि दुसरा लग्नाच्या वरातीपुढचा. या मुलांचा बँड तिसराच. गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि गाणाऱ्या दोन मुली. रविवारच्या उपासनेत ती गातात, नाताळात घरोघरी कॅरलला जातात, आणि खरे सांगायचे तर बरी गातात.

सीमाभागातील एका गावच्या ख्रिस्ती कमिटीचे त्यांना पत्र आले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाताळ महोत्सव भरवायचा आहे, मोठ्या मैदानावर दोन तास गायन करावे. हे प्रभूचे कार्य असल्यामुळे मानधन देता येणार नाही. मात्र हजारोंचा समुदाय जमेल आणि तुमच्या बँडचे नाव होईल. (कार्य प्रभूचे आणि नाव बँडचे, ही जोडी एकाच वाक्यात कशी बसली हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.) मुलांनी पत्र मला दाखवले आणि विचारले, "काका, जावे का?" मी फारसा विचार न करता म्हणालो, "अरे, विचारता काय? साक्ष देण्याची संधी आहे. जा!"

पुढच्या गुरुवारी सरावाला ड्रम वाजवणारा मुलगा उशिरा आला आणि सराव संपल्यावर मागे थांबला. हा मुलगा उद्यमबागेत एका फौंड्रीत रोजंदारीवर आहे. लग्नसराईत एका बँड कंपनीबरोबर साइड ड्रम वाजवायलाही जातो. महोत्सवाच्या दिवशी मुहूर्त होता. फौंड्रीत खाडा पडणार आणि लग्नाची सुपारीही जाणार. तो म्हणाला, "काका, सेवेला मी कुठं नाही म्हणतोय? पण त्या दिवसाची माझी मजुरी मी देवाला देतोय की कमिटीला, तेवढं सांगा."

मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे मी उपदेश करीत आलो, ईश्वरविज्ञानाची पदविकाही घेतली. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

प्रिय वाचकहो, अशा वेळी आपल्या ओठांवर पहिले येते ते मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील आठवे वचन. मोफत मिळालेले मोफत द्यावे असे प्रभूने बारा शिष्यांना सांगितले, ते वचन. कमिटीच्या पत्रातही ते होतेच. मी घरी जाऊन तो अध्याय पुन्हा काढला. आठव्या वचनात ही आज्ञा आहे, आणि दहाव्या वचनात, म्हणजे दोनच ओळींनी पुढे, कामकऱ्याला त्याचे अन्न मिळणे योग्य आहे असे तोच प्रभू सांगतो. ही दोन वचने एकमेकांच्या विरुद्ध आहेत काय? मुळीच नाहीत. पहिले बंधन देणाऱ्यावर आहे. दुसऱ्याचा भार येतो तो ज्या घरी शिष्य उतरतील त्या घरावर. घोटाळा होतो तो यजमान जेव्हा स्वतःचे वचन झाकून ठेवतो आणि पाहुण्याचे वचन त्याला मोठ्याने वाचून दाखवतो तेव्हा. देणाऱ्याने स्वतःशी म्हणायचे वचन घेणाऱ्याच्या तोंडी आले, की ते मागणीपत्र होते.

याहून स्पष्ट उदाहरण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. दावीद राजा यज्ञवेदी बांधण्यासाठी अरवना यबूसी याच्या खळ्यावर गेला. अरवनाने खळे, बैल, जळणासाठी लाकडे सर्व काही फुकट देऊ केले. आपल्यासारखा कोणी असता तर "प्रभू तुझे कल्याण करो" म्हणून घेऊन मोकळा झाला असता. दावीदाने नाकारले. ज्यासाठी स्वतःला काहीच पडले नाही असे अर्पण मी देवाला करणार नाही, असे तो म्हणाला आणि पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. ध्यानात घ्या, देणारा आपल्या खुशीने देत होता. तरीही घेणाऱ्याने हिशेब केला, कारण अर्पण दावीदाचे होते आणि बैल अरवनाचे. आमच्या बाबतीत महोत्सव कमिटीचा आणि दिवसाची मजुरी फौंड्रीतल्या मुलाची. मग त्या रात्री देवापुढे ठेवले जाणारे अर्पण कोणाचे?

मी कमिटीच्या एका सभासदाला फोन करून सहज विचारले, मंडपाचे काय? मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिली होती. साऊंडवाल्याला, जनरेटरवाल्याला, जेवणाच्या कंत्राटदारालाही दिली होती. बाहेरगावच्या वक्त्यांना प्रवासखर्च आणि पाकीट ठरले होते. यांपैकी कोणाला प्रभूच्या कार्याची आठवण करून दिली होती का, असे मी विचारले. पलीकडे जरा वेळ शांतता झाली. मग ते म्हणाले, "ते धंदेवाईक लोक. तुमची मुले आपली आहेत." म्हणजे जो परका त्याची मजुरी वेळेवर, आणि जो आपला त्याची बुडाली तरी चालेल! कॅम्पात पलटणीच्या बँडचे जवान देशसेवाच करतात. पण देशसेवा आहे म्हणून त्यांचा पगार आणि रेशन कापावे, असे मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

मंदिरातील गायकांचे काय झाले ते नहेम्याने लिहून ठेवले आहे. लोक त्यांचे वाटे देत होते तोवर ते सेवेला हजर होते. वाटे बंद झाले तसे ते आपापल्या शेतांवर निघून गेले (नहेम्या १३:१०). नहेम्या परत आला आणि रागावला. पण गायकांवर नव्हे. तो अधिकाऱ्यांवर रागावला. आपल्या मंडळ्यांत मात्र सरावाला न येणाऱ्या मुलावर आपण "आवेश कमी झाला" असा शेरा मारतो, आणि तो त्या वेळी कुठे कामाला गेला आहे याची चौकशी करीत नाही. आपल्या या भागाला तरी मजुरीची किंमत कोणी शिकवायला नको. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायका १९८० च्या सुमारास रास्त मजुरीसाठी संघटित झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, मग मोफत सेवा नसावीच काय? असे मी म्हणत नाही. पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरले आणि सुवार्ता विनामूल्य सांगितली. परंतु पहिल्या पत्राचा नववा अध्याय सावकाश वाचावा. आपला हक्क आहे हे तो आधी शिपाई, द्राक्षमळा, मळणीचा बैल असे दाखले देऊन पक्के सिद्ध करतो, आणि मगच तो सोडतो. जो हक्क मान्यच झालेला नाही तो सोडणार कसा? शिवाय दुसऱ्या पत्रात (११:८-९) तो कबूल करतो की, करिंथकरांना जे फुकट पडले त्याचा भार मासेदोनियातील बंधूंनी उचलला होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. अनेक वर्षे मिशनचे वेतन घेऊन काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी ते स्वतः होऊन सोडले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. कोणत्याही कमिटीने त्यांना सोडायला सांगितले नव्हते, म्हणूनच तो त्याग ठरला. तरीही लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटते की, टिळकांच्या औदार्याचा हिशेब पुष्कळदा चुलीजवळ बसून लक्ष्मीबाईंनाच जुळवावा लागत होता. उदार माणसाच्या घरी हे विचारून पाहावे.

बाहेरच्या जगातही कलावंतांनी मोफत गायिल्याची मोठी उदाहरणे आहेत. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम केले. कलावंतांनी मानधन घेतले नाही, आणि तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. तेथे देणारे कोण, घेणारे कोण आणि कशासाठी, हे सर्वांना माहीत होते. कागदपत्रांची व्यवस्था आधी न केल्यामुळे रेकॉर्ड आणि चित्रपटाचे पैसे मात्र पुढे कित्येक वर्षे करखात्यात अडकून पडले. चांगल्या हेतूलाही वहीखाते लागते.

मी मुलांकडे परत गेलो आणि आधी दिलेला सल्ला मागे घेतला. काय करावे हे सांगण्याऐवजी, प्रत्येकाला त्या दिवसाचे किती पडते ते कागदावर लिहा, एवढेच म्हणालो. कीबोर्डवाला शाळेत शिक्षक आहे, त्याचा पगार कापला जाणार नव्हता. मुली कॉलेजात आहेत. गिटारवाल्याचे वडिलांचे दुकान आहे. कागदावर चार शून्ये आणि एक आकडा दिसला. तोवर ते चौघे "आपण सगळे मिळून सेवा देऊ" असे म्हणत होते. कागद पाहिल्यावर ते वाक्य पुन्हा कोणी उच्चारले नाही.

त्यांनी कमिटीला पत्र लिहिले : जीपचे भाडे आणि एका सभासदाची बुडणारी मजुरी द्यावी, बाकी आमच्याकडून प्रेमाची भेट समजावी. कमिटीने जीपचे भाडे कबूल केले, मजुरी केली नाही. माझ्या मते येथे नम्रपणे नकार द्यायला हवा होता, आणि मी तसे बोललोही. मुलांनी ऐकले नाही. चौघांनी वर्गणी काढून पाचव्याची मजुरी भरायची ठरवली. मोठी बहीण शोभेल अशी एक गाणारी मुलगी त्याला म्हणाली, "हे तुला दान नाही रे. भेट आम्ही देतोय, तर पैसे आमचेच जायला नकोत का?"

महोत्सव झाला. परतीच्या वाटेवर जीपमध्येच तिने त्याला पाकीट दिले. आता हा "नको, नको" म्हणेल अशी मला धास्ती होती. त्याने दिव्याच्या उजेडात नोटा मोजल्या, बरोबर आहेत म्हणाला, आणि खिशात ठेवल्या. सकाळी सातला त्याची फौंड्रीतली पाळी होती.