घसारा

आम्हा कॉमर्सवाल्यांना तत्त्वज्ञान नसते, असा आर्ट्सवाल्यांचा एक जुना समज आहे. तो साफ चुकीचा आहे. आमचे तत्त्वज्ञान हिशेबाच्या पहिल्याच धड्यात सुरू होते. धंदा निराळा आणि धंद्याचा मालक निराळा, हे ते तत्त्व. मालकाने घातलेले भांडवल ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहायचे, कारण तेवढी रक्कम धंदा मालकाला देणे लागतो. या द्विनोंदी पद्धतीची मांडणी लुका पॅचिओली नावाच्या इटालियन गृहस्थाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली. हे गृहस्थ संन्यासी होते. म्हणजे ज्याला स्वतःचे दुकान नाही, अशा माणसाने जगातल्या तमाम दुकानदारांना सांगून ठेवले की बाबांनो, दुकान तुमचे देणे लागते, तुम्ही दुकानाचे नव्हे!

पाचशे वर्षे उलटून गेली, पण ही गोष्ट आमच्या साडूंना अजून पटलेली नाही.

साडूंचे घरगुती पदार्थांचे दुकान आहे. भाजणी, मेतकूट, मसाले, चकल्या आणि दिवाळीत फराळ. मालक तेच, हमाल तेच, हिशेबनीस तेच. ताई, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची थोरली बहीण, भाजणीचे प्रमाण सांभाळतात आणि वेळप्रसंगी साडूंचेही. सकाळी साडेसहाला धान्य भाजायला सुरुवात, रात्री दहाला शटर खाली. दुपारचे जेवण गिऱ्हाईक नसेल तेव्हा, म्हणजे ज्या दिवशी धंदा वाईट त्या दिवशी पोटभर.

आता या दुकानात मसाला दळायचे एक यंत्र आहे. यंत्र झिजते, हे सरकारला मान्य आहे. त्यासाठी आयकर खाते अशा यंत्रांवर साधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा धरू देते. पण त्या यंत्राशेजारी रोज पंधरा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे गुडघेही झिजतातच ना? त्यांचा घसारा कुठल्या खात्यात दाखवायचा? तसे खातेच नाही. भागीदारी असेल तर भागीदाराला कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत पगार तरी देता येतो. एकट्या मालकाने स्वतःला दिलेला पगार खर्चात धरत नाहीत. त्याने गल्ल्यातून घेतले की ती 'उचल'. शब्दच असा, की स्वतःचे पैसे घेतानाही चोरी केल्यासारखे वाटावे.

सरकारची मुद्रा योजना २०१५ साली आली, तेव्हा तिच्यातल्या कर्जांची नावे वाचून मला फार गंमत वाटली होती. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', पाच लाखांपर्यंत 'किशोर', दहा लाखांपर्यंत 'तरुण'. पुढे २०२४ साली वीस लाखांपर्यंतचे 'तरुण प्लस' आले. धंद्याने तरुण व्हावे, नंतर आणखी तरुण व्हावे, इथपर्यंत सगळी सोय आहे. मधल्या काळात मालकाला चाळिशी लागते, साखर वाढते, जिना चढताना धाप लागते. त्याचा रकाना फॉर्ममध्ये नाही.

शरीराचे हे असे. वेळेचे त्याहून वाईट. त्यात अलीकडे तिसरा वाटेकरी आला आहे, जाहिरात. पूर्वी 'आमची कोठेही शाखा नाही' एवढी पाटी रंगवली की जन्माची जाहिरात होऊन जायची. आता साडूंचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, रोज दिसलं नाही तर लोक विसरतात." म्हणून रात्री साडेदहाला, दिवसभर उभे राहून पायांचे खांब झालेले साडू हातात चकली धरून मोबाईलपुढे हसतात. ते हास्य जमायला कधी पाऊण तास लागतो, कधी सव्वा. एवढे करून एका गिऱ्हाइकाने पाचांपैकी तीनच तारे दिले आणि खाली लिहिले, "पदार्थ उत्तम. मालक हसत नाहीत."

म्हणजे बघा हं. जाहिरातीसाठी झोप मोडायची, झोप मोडली की चेहरा पडतो आणि चेहरा पडला की जाहिरात पडते! आणि ज्या नावासाठी हा खटाटोप, ते नावही हिशेबात धरत नाहीत. दुसऱ्याची ख्याती विकत घेतली तर ती मालमत्ता म्हणून दाखवायची. स्वतः कमावलेली असेल तर वहीत तिची किंमत शून्य. शरीर, वेळ आणि नाव, या तिन्ही गोष्टींवर दुकान चालते आणि तिन्हींपैकी एकीचेही खाते नाही. जे वहीत नाही ते फुकट आहे, असे माणसाला वाटू लागते. खरा घोटाळा इथे आहे.

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी दुकानात उभ्याउभ्या साडूंच्या छातीत दुखू लागले. त्यांनी आधी समोरच्या बाईंची अर्धा किलो भाजणी तोलून दिली, सुटे पैसे परत केले आणि मग खाली बसले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीत अडथळा आहे, आजच्या आज उघडावी लागेल. त्यावर साडूंनी शांतपणे विचारले, "दिवाळीनंतर नाही का चालणार?"

डॉक्टर हसले नाहीत. ताईही हसल्या नाहीत. त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या आणि एवढेच म्हणाल्या, "बघा भावजी, दुकान बंद राहील याची भीती वाटते यांना. बाकी कशाची वाटत नाही."

चार दिवस दुकान बंद राहिले. बरीच गिऱ्हाइके थांबली, काहींनी फोन करून चौकशी केली. पण काही दुसरीकडे गेली आणि तिकडचीच झाली, हेही खरे आहे. आरोग्य सांभाळा, धंदा आपोआप वाढेल, असे गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. धंदा आपोआप काही वाढत नाही. मी घरी जाऊन दोन शब्द सांगू लागलो, तर साडू म्हणाले, "तुमचं बरं आहे हो बँकवाले. आजारी पडलात तरी महिनाअखेरीला पगार जमा. माझं शटर खाली, तर गल्लाही खाली." याला उत्तर नाही. पगारी रजा शिलकीत असणाऱ्या माणसाने विश्रांतीवर प्रवचन देणे म्हणजे पोटभर जेवून उपासाचे महत्त्व सांगणे.

तरीही एक प्रश्न उरतोच. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली मांडले की माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नये. आणि त्या 'माणसा'त आपण स्वतःही आलो. कांटसाहेब रोज ठरल्या वेळी फिरायला जात आणि त्यावर शेजारी घड्याळ लावीत, अशी आख्यायिका आहे. त्यांना दुकान नव्हते, हे मान्य. पण मुद्दा दुकानालाही लागू आहे. समजा, साडूंनी एक नोकर ठेवला. त्याला पंधरा तास उभे ठेवले, जेवायला सोडले नाही, सुट्टी दिली नाही, रात्री वर हसायला लावले. सगळी गल्ली साडूंना राक्षस म्हणेल. १९४८ सालच्या दुकानांच्या कायद्याने नोकराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती आणि दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला लावले होते. २०१७ सालच्या नव्या कायद्याने दुकानाला रोज उघडे राहायची मुभा दिली. नोकराची साप्ताहिक सुट्टी मात्र राखली. दुकानाला सुट्टी नसली तरी चालते, माणसाला लागते, एवढे कायद्यालाही कळते. मग तोच नोकर आपण स्वतः असलो, की राक्षसाचा एकदम कष्टाळू सद्गृहस्थ कसा होतो? बरे, हा नोकर बिचारा युनियनसुद्धा काढू शकत नाही. आणि त्याचा घसारा तो एकटा सोसत नाही. बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसलेले असते.

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुण्याची पुष्कळ थट्टा झाली. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. पण मोठ्या दुकानात एक माणूस जेवायला गेला तर दुसरा उभा राहतो. ज्याचा दुसरा माणूसही तोच आहे, त्याने काय करावे?

साडूंनी आता 'दुपारी १ ते ४ बंद, सोमवारी पूर्ण बंद' अशी पाटी लावली आहे. चिरंजीवांनी तिचाच फोटो काढून सगळीकडे पाठवला; जाहिरातीची जाहिरात झाली. सुरुवातीला साडूंना दुपारी झोप लागत नसे, गल्ल्यातून काही उचलल्यासारखे वाटे. मी त्यांना पॅचिओलीचा हिशेब समजावून सांगितला. दुकान तुमचे देणे लागते. ही झोप म्हणजे दुकानाने तुमच्या कर्जाचा भरलेला हप्ता. हप्ता लहान आहे, मुद्दल मोठी आहे, सगळी फिटायची नाही. पण रोजचा हप्ता वेळेवर येतो आहे. अशा खात्याला आम्ही बँकेत चांगले खाते म्हणतो.